कुकरचे सुटे भाग मिळायला हवेत

महोदय,

महिन्याचा हिशेब काटेकोरपणे सांभाळणाऱ्या घरात प्रेशर कुकर ही चैन नसून बचतीचे साधन आहे. वाफेच्या दाबामुळे आतले पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून तूरडाळ किंवा रात्रभर भिजवलेले हरभरे लवकर शिजतात आणि १४.२ किलोचा सिलिंडर काही दिवस जास्त पुरतो. डाळीच्या भांड्यावर भाताचे भांडे ठेवले, तर एकाच आचेवर दोन्ही होतात. आमच्या पंधरा वर्षांच्या कुकरचे भांडे आजही ठणठणीत आहे. मात्र रबरी रिंग कडक होऊन वाफ गळू लागली, तेव्हा ‘हे मॉडेल बंद झाले, नवा घ्या’ असे दुकानदाराने सांगितले. दुसरीकडून आणलेली बिनछापाची रिंग महिन्याभरात सैल पडली. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत अशी तडजोड जिवावर बेतू शकते, कारण शिटीचे छिद्र डाळीच्या फेसाने तुंबल्यास वाढलेला दाब त्याच्यातूनच बाहेर पडतो. कुकरला २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले, हे योग्यच झाले. त्याच धर्तीवर, मॉडेल बंद झाल्यानंतरही किमान दहा वर्षे अस्सल रिंग आणि व्हॉल्व्ह पुरवण्याचे बंधन उत्पादकांवर घालावे, अशी केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाला माझी विनंती आहे.

– एक गृहिणी, सातारा