पिसांचा ड्रम वेगळा करा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

कोंबडीच्या पिसांपासून बोर्डासाठी गोंद आणि प्लास्टिकमध्ये मिसळायचे तंतू करता येतात. पण चिकनच्या दुकानात पिसं, आतडी, डोकी, रक्त असं सगळं एकाच ड्रममध्ये पडतं आणि तिथेच पिसं वाया जातात. आतड्यांतली घाण आणि चरबी एकदा लागली की धुण्याचा खर्च पिसांच्या किमतीवर जातो. म्हणून परवान्याच्या अटींत पिसांसाठी वेगळा, झाकणाचा ड्रम सक्तीचा करावा, ही आमची पहिली मागणी.

कोंबडीच्या जिवंत वजनात पिसं साधारण ५ ते ७ टक्के. रोज दोन किलोच्या १०० कोंबड्या कापणाऱ्या दुकानातून १० ते १४ किलो निघतात. सुकल्यावर त्यांत जवळजवळ ९० टक्के केराटिन असतं, म्हणजे केस-नखांच्या जातीचं प्रथिन. बाजूचे मऊ तंतू पोकळ आणि हलके, ते प्लास्टिकमध्ये मिसळायला चांगले. मधला कडक दांडा गोंदासाठी. पिसं कापून हवेच्या झोतात सोडली की दोन्ही वेगळे होतात.

त्याआधी पिसं त्याच दिवशी कोमट पाण्यात डिटर्जंटने धुवावी लागतात आणि ६०-७० अंशांवर, ओलावा १० टक्क्यांखाली येईपर्यंत, सुकवावी लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर हे होणार नाही, ड्रायर हवाच.

गोंदासाठी १ किलो दळलेले दांडे, १० लिटर पाणी आणि २०० ग्रॅम कॉस्टिक सोडा ६०-७० अंशांवर दोन-तीन तास ढवळावा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. ते बंध तोडायचे, साखळ्या नाही. सोडा किंवा वेळ वाढला की साखळ्याच तुटतात आणि हाती चिकटपणा नसलेलं पाणी उरतं. पुढे आम्ल घालून सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ४ च्या आसपास आणला की प्रथिन साकळतं. पण त्याच वेळी सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. बंद भांडं आणि वायू धुणारा स्क्रबर नसेल तर हे काम कुणाही कामगाराला देऊ नये.

नुसता पिसांचा गोंद पाण्यात टिकत नाही. सिंकखालच्या कपाटात तो वापरू नये. प्लायवूड-बोर्ड चिकटवायच्या फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनचा काही भाग त्याने बदलता येतो, कोरड्या जागेच्या बोर्डात तो चालतो.

तंतूंचं गणित वेगळं. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक १६५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तंतू १० ते २० टक्के घालून मिश्रण १९० अंशांखाली काढावं. २०० च्या वर ते करपू लागतात. ओलावा राहिला तर वाफेचे फोड येतात. केराटिन या प्लास्टिकला धरत नाही, म्हणून दोघांना जोडणारा दुवा म्हणून मॅलेइक अॅनहायड्राइड हे रसायन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन ३ ते ५ टक्के लागतं.

या सगळ्यासाठी देवनार पशुवधगृहाच्या आवारात चाचणी केंद्र उभारावं, धुण्याचं पाणी प्रक्रियेशिवाय गटारात सोडू नये. बोर्डांची तपासणी माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे द्यावी. पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळक्या झाडांपासून) पार्टिकल बोर्ड करण्याचं काम त्या संस्थेत झालं आहे.

आणि पिसं आणून देणाऱ्या ठेकेदाराला पैसे सुक्या वजनावर द्या. ओल्या वजनावर दिले तर पालिका पिसांऐवजी पाणीच विकत घेईल.

आपले,
गोंद, बोर्ड व तंतू क्षेत्रातील तंत्रज्ञ, मुंबई