बाजार बुधवारी भरतो हो

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतलं इंग्लंडमधल्या मार्केट ड्रेटन गावावरचं आर्टिकल वाचलं. फोटो छान आलेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'रविवारच्या बाजारात फेरफटका मारा' हे कोणाच्या डोक्यातून आलं? तिथला बाजार बुधवारचा. तिसऱ्या हेन्री राजाने १२४५ साली सनद दिली तेव्हापासून बुधवारच, पावणेआठशे वर्षं टिकलेला वार तुमच्या लेखकाने एका ओळीत बदलला. अहो गावाच्या नावातच मार्केट आहे, निदान वार तरी कोणाला विचारायचा.

मी जाऊन आलोय म्हणून बोलतोय. मुलगा तिथून जवळ स्टोक शहरात असतो, त्याला रजा मिळाली गुरुवारची, म्हणजे बाजार कालच उठलेला. बटरक्रॉस म्हणून दगडी खांबांचा मांडव आहे, पूर्वी तिथे लोणी विकायला बसायचे, त्या दिवशी मी आणि दोन कबुतरं. वर घंटा आहे, आग लागली की वाजवायची. १६५१ मध्ये एका बेकरीतून आग लागून बहुतेक गाव जळलं होतं, ती धास्ती. जिंजरब्रेड मात्र मिळाला, तो पोर्ट वाइनमध्ये बुडवून खातात म्हणे, आम्ही चहात बुडवला. आल्याचा वास थेट आमच्या जत्रेतल्या खाज्याचा.

आता खरं दुखणं. ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट क्लाइव्ह तिथला, १७२५ साली गावाजवळच जन्मलेला. लेखकाने त्याला 'चर्चच्या मनोऱ्यावर चढणारा खट्याळ मुलगा' करून सोडलंय. हाच मुलगा टोळी जमवून दुकानदारांकडून पैसे घ्यायचा, नाही दिले तर काचा फोडायचा असं सांगतात. याला आमच्याकडे खंडणी म्हणतात, खट्याळपणा नाही. आणि मोठेपणी काय केलं तर म्हणे प्लासीची लढाई. प्लासी १७५७. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत तो कुठे होता? आमच्या विजयदुर्गात! समुद्रातून इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांच्या तोफा, जमिनीवर क्लाइव्हची माणसं, आणि मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचं आरमार खाडीत जळालं. मराठी पेपरात क्लाइव्हच्या गावावर अख्खं पान आणि विजयदुर्गाचं नावसुद्धा नाही? त्यात नानासाहेब पेशव्यांची इंग्रजांना साथ होती, ते लिहायची लाज वाटली असेल तर तसं सांगा, आम्ही समजून घेऊ.

मी त्या मनोऱ्याखाली मान वर करून बराच वेळ उभा होतो. मुलगा म्हणाला बाबा चला, पार्किंगची वेळ संपतेय. हा क्लाइव्ह इथून पडला असता तर, एवढंच माझ्या मनात येत होतं.

जाता जाता, रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी येते, तीही मधलं पान गायब होऊन. शब्दकोडं त्याच पानावर असतं. पार्सलवाल्याला जरा सांगाल का?

आपला एक जुना वाचक,
विजयदुर्ग, ता. देवगड