वयाची सबब आणि मताचा कौल

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. तरुण उमेदवाराने शाळकरी वयात केलेले गैरवर्तन निवडणुकीत उकरून काढणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे होय, असे तू लिहिले आहेस. तुझे हे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. मारी ब्लॅक २०१५ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी स्कॉटलंडमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आली, तेव्हा तिने किशोरवयात ट्विटरवर लिहिलेला शिवराळ मजकूर बराच चघळला गेला. मतदारांनी त्याकडे दुर्लक्ष केले, ते योग्यच होते. आपल्या वेळचा असला वाह्यातपणा हवेत विरून जात असे, एवढाच काय तो फरक.

परंतु ज्या वर्तनाने दुसऱ्या कोणाला घायाळ केले, त्याला हाच न्याय कसा लावणार? अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी २०२० मध्ये उभा राहिलेला आरन कोलमन एकोणीस वर्षांचा होता. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत त्याने विद्यमान सदस्याला अवघ्या १४ मतांनी हरवले. शाळेत असताना आपण मुलींना छळले होते, हे त्याने मान्य केले आणि त्या वेळी आपण बिघडलेले मूल होतो, असे कारण दिले. ते कारण खरेही असेल. पण त्या मुलीही तेव्हा लहानच होत्या. मग वयाची सबब एकट्या त्याच्याच पदरात का टाकायची?

आपल्याकडील २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ अल्पवयीनाला, ठरावीक अपवाद सोडल्यास, दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून मुक्त ठेवते, आणि ते मला रास्त वाटते. लहानपणीच्या अपराधापायी कोणाची नोकरी, शिक्षण किंवा उमेदवारीसुद्धा अडू नये. मत मिळणे मात्र कोणाचाच हक्क नसतो. मत नाकारल्याने उमेदवाराला शिक्षा होत नाही, केवळ त्याच्या हाती सत्ता दिली जात नाही.

माझी खरी अडचण काळाची आहे. पन्नाशीतला उमेदवार 'मी बदललो' म्हणतो, तेव्हा मधली पस्तीस वर्षे तपासता येतात. एकोणीस वर्षांच्या मुलाजवळ दाखवायला चार-पाच वर्षेच असतात. म्हणजे ज्या कोवळ्या वयामुळे त्याला क्षमा करावीशी वाटते, त्याच वयामुळे तो सुधारल्याचा पुरावा तोकडा पडतो. कोलमन निवडून आला, पुढे त्याच्या वर्तनाबद्दल नव्या तक्रारी झाल्या आणि २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत तो हरला. यावरून मी मागाहूनचे शहाणपण मिरवत नाही, कारण दुसरा एखादा मुलगा खरोखर सुधारलाही असता.

म्हणून अशा उमेदवाराला मी दोनच गोष्टी विचारीन: हे प्रकरण बाहेर येण्याआधी तू स्वतःहून कबूल केले होतेस का, आणि जिला त्रास दिलास तिच्यासाठी काय केलेस? उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्याने तिशीत पुन्हा यावे. तेव्हा मी त्याचा मोकळ्या मनाने विचार करीन. तुला हे फार कठोर वाटत असेल, तर नेमके कुठे, ते सविस्तर कळव.

तुझा,
जुना मित्र