पिसदुऱ्याच्या दगडांसाठी : मृगाआधी मदत हवी

सर्व सदस्य, ग्रामस्थ आणि नोकरीधंद्यानिमित्त बाहेरगावी असलेली आपली मंडळी, सप्रेम नमस्कार.

नांगरट सुरू झाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या पिसदुऱ्याच्या शिवारात नांगर लागला की डायनोसोरच्या काळातले दगड (म्हणजे दगड झालेली हाडे) वर येतात, पहिल्या पावसात धुऊन उघडे पडतात आणि मग बाहेरची माणसे पोती घेऊन येतात, हे आपण दरवर्षी पाहतो. म्हणून यंदा मृगाच्या आधीच लिहीत आहे.

हे दगड काय आहेत ते आपल्याला ठाऊक आहे, तरी नव्या पोरांसाठी पुन्हा सांगतो. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे, त्या हिस्लॉप साहेबांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इथली हाडे गोळा केली. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच शिवारातली, डायनोसोरची दगड झालेली विष्ठा तपासली. तीत गवताचे सूक्ष्म कण निघाले, अगदी भात आणि बांबूच्या नात्यातल्या गवतांचेसुद्धा! डायनोसोरच्या काळात गवत नव्हतेच, असे तोवर जगभर मानत. ती समजूत पिसदुऱ्याने मोडली. एका नामशेष सापाचे शास्त्रीय नावच ‘माडत्सोइया पिसदुरेन्सिस’ आहे. किती गावांच्या वाट्याला असे येते?

२०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याकडची बातमी आली : डायनोसोरची ९२ घरटी, २५६ अंडी. खडकाचा थर तोच, आपल्याकडचा, ‘लमेटा’ नावाचा. तिथल्या पाडल्या गावात तर शेतकरी असे गोल दगड ‘काकर भैरव’ म्हणून पुजत होते, शेताचा राखणदार म्हणून. आपल्याकडे मात्र ते धुऱ्यावर फेकले जातात, याचे वाईट वाटते.

हे दगड गोळा करून खोलीत जपण्याचे आपल्या मंडळाचे जे काम झाले ते मोजक्या माणसांमुळे. पहिले कपाट आपल्या निवृत्त गुरुजींनी पेन्शनमधून दिले आणि वर स्वतःचे नाव घालू दिले नाही. सुतारमामांनी मजुरी घेतली नाही, उलट फळ्या घरच्या आणल्या. बचत गटाच्या बायांनी निंदताना सापडलेले दगड पदरात बांधून आणले. भाव सांगणारा दारात आला तरी एकीनेही दगड विकला नाही. ट्रॅक्टरवाला आपला भाऊ हाड दिसले की तास सोडून खाली उतरतो, डिझेल जळते तरी. वरोऱ्याच्या हार्डवेअरवाल्या काकांनी खिळ्यापासून कुलपापर्यंत सारे दिले. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

गेल्या साली लिहिलेल्या आवाहनाला मात्र फार थोड्यांनी उत्तर दिले. प्रदर्शनाच्या दिवशी फोटोला गर्दी होती, दुसऱ्या दिवशी दगड उचलून ठेवायला चार हातही नव्हते. एका कार्यालयात दिलेला अर्ज अजून तसाच आहे. मन दुखते, पण काम थांबवता येत नाही.

गरज : काचेची दोन लोखंडी कपाटे, खोलीच्या गळक्या छपराचे पत्रे, नोंदवही, चिठ्ठ्या व कापूस, अंदाजे ₹ ६५,०००. रोख किंवा धनादेश खजिनदारांकडे, पावती घेऊनच. पत्रे, रंग, जुने कपाट, दोन दिवसांची मजुरी, काहीही चालेल. कुणाच्या शेतात दगड निघाला तर पाण्याने घासू नये, फोडू नये. कुठल्या धुऱ्याजवळ मिळाला ते लिहून कळवावे, आम्ही येऊन नोंद करू. बाहेरगावच्यांनी घरच्यांकडे दिले तरी पोचते. मृग लागायच्या आत कृपया.

आपला,
कार्यवाह