अर्धा विनोद: रविवारपर्यंत पूर्ण करा

मंडळी, राम राम.

आपल्या दिवाळी अंकातल्या ‘अर्धा विनोद’ स्पर्धेची उत्तरं रविवारी रात्री ९ पर्यंतच घेणार. विनोद पुन्हा देतो, कारण बऱ्याच जणांनी तो वरवर वाचलेला दिसतोय:

गल्लीत टँकर आला. आजी घागर घेऊन सगळ्यांच्या पुढं. ड्रायव्हर म्हणाला, “आजी, टँकर रिकामाय. नुसता रस्ता बघायला आलोय.” आजी म्हणाली, “…”

आजीचं एकच वाक्य हवं, १५ शब्दांच्या आत. निम्म्या जणांनी आजीला ड्रायव्हरच्या डोक्यात घागर घालायला लावलीय. लेकहो, मराठवाड्यातली आजी हात कशाला उचलंल? ती शब्दानंच सोलते. आणि पुढाऱ्यांची नावं नकोत, आपल्याला गावात राहायचंय.

‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिक २००५ पासून बिनओळीचं व्यंगचित्र देऊन वाचकांकडून ओळ मागवतं, त्यातल्या तीन ओळींवर वाचकांचीच मतं घेतं. आपणही तसंच करू. सोमवारी तीन उत्तरं इथं टाकतो. स्वतःला मत द्यायचं नाही (मागचा घोळ आठवतोय ना?).

उत्तर मला एकट्याला पाठवा, ग्रुपवर फोडू नका. बक्षीस अर्धा किलो कुंथलगिरीचे पेढे.