नकाशा वाचणाऱ्याच्या तोंडाकडे फिरवा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री यांस,
सादर नमस्कार.

ज्या शहरात मी वर्षानुवर्षे जाते-येते आणि ज्याचे पाच-सहा रस्ते मला डोळे मिटून चालता येतील, त्याच शहराचा एक कधीच न पाहिलेला भाग पायी पाहावा म्हणून गेल्या महिन्यात मी एक सबंध दिवस मोकळा काढला. सोबत आई होती. स्टेशनबाहेर पडताच समोरच्या भिंतीवर त्या भागाचा नकाशा दिसला आणि आम्हां दोघींनाही बरे वाटले. पत्र्यावर छापलेला तो नकाशा तसा स्वच्छ होता, फक्त ‘आपण येथे आहात’ या शब्दांशेजारचा लाल ठिपका इतक्या लोकांच्या बोटांनी झिजला होता की तेवढ्या जागी पत्रा उघडा पडला होता. आम्हीही तिथेच बोट टेकवले, तलाव ठिपक्याच्या उजवीकडे आहे हे पाहिले आणि उजवीकडे चालू लागलो.

वीस-पंचवीस मिनिटे झाली तरी दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती. “तलाव उठून गेला की काय गं?” असे आईने विचारले, तेव्हा तिचा गुडघा बोलू लागला होता. अखेर एका रखवालदाराने सांगितले की तलाव अगदी उलट दिशेला आहे. परत येऊन पाहिले तेव्हा चूक उमगली. फलक अशा भिंतीवर होता की तो वाचणाऱ्याचे तोंड दक्षिणेकडे होते, नकाशात मात्र वरची बाजू उत्तर होती. म्हणजे कागदावरची उजवी बाजू आमच्या डाव्या हाताला होती.

ही आमची वेंधळेपणाची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती, परंतु तशी ती नाही. मार्विन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अशाच ‘आपण येथे आहात’ नकाशांचा अभ्यास केला होता. नकाशाची वरची बाजू वाचणाऱ्याच्या समोरच्या दिशेशी जुळत नसेल, तर माणसे सर्रास चुकीच्या दिशेने निघतात, असे त्यांना आढळले. चार दशकांपूर्वी कळलेली ही गोष्ट आजही फलक बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या कानावर गेलेली दिसत नाही. त्याला एकच नकाशा दहा ठिकाणी छापून लावणे सोयीचे पडते, आणि भिंत कुठल्या दिशेची आहे हे पाहण्याचे काम निविदेत कुणाच्याच नावावर नसावे.

“मोबाइल आहे की हातात,” असे आपले अधिकारी म्हणतील. मोबाइल माहीत असलेल्या ठिकाणी कमीत कमी वेळात नेतो, हे खरे. पण जो माणूस एखादा भाग नुसता पाहायला आला आहे, त्याला मुळात काय विचारायचे हेच ठाऊक नसते. पाच मिनिटांवर जुना बाजार आहे आणि त्याच्या मागे नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, हे एका नजरेत दाखवणे फलकालाच जमते. (शिवाय दुपारी तीनपर्यंत माझ्या मोबाइलची बॅटरी संपली होती, पण तो दोष शासनाचा नव्हे.)

लंडनने हे काम शहाणपणाने केले. तिथल्या मध्यवर्ती भागात पादचाऱ्यांसाठी तीसहून अधिक वेगवेगळ्या फलक-पद्धती नांदत होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्यांच्या जागी एकच पद्धत आणण्याची सुरुवात २००७मध्ये बाँड स्ट्रीट परिसरातून झाली. त्या नकाशात वाचणारा ज्या दिशेला पाहत असतो तीच दिशा वर असते, ओळखीच्या इमारती उठावदार काढलेल्या असतात आणि पाच मिनिटांत चालत कुठवर पोहोचता येईल हे वर्तुळाने दाखवलेले असते. मला सर्वांत आवडते ते हे वर्तुळ. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ‘८०० मीटर’ या आकड्यातून काही उमगत नाही, मिनिटे मात्र लगेच कळतात. अमेरिकेतल्या बॉस्टनने १९५०च्या दशकापासून वेगळा मार्ग धरला आहे. तिथे ऐतिहासिक स्थळे जोडणारी सुमारे चार किलोमीटरची लाल रेघच पदपथावरून जाते. हरवण्याची भीती नाही हे खरे, पण रेघ सर्वांना एकाच वाटेने चालवते आणि आडवाटेला वळण्याची मजा त्यात उरत नाही. म्हणून माझी मागणी रेघेची नाही.

मागणी एवढीच आहे की पादचाऱ्यांच्या नकाशांबाबत आपल्या विभागाने एक परिपत्रक काढावे. प्रत्येक फलक त्याच्या भिंतीप्रमाणे दिशा जुळवून छापावा, उत्तर कुठे आहे ते छोट्या बाणाने दाखवावे आणि अंतरे चालण्याच्या मिनिटांत द्यावीत. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि बसायचे बाक हेही नकाशात असावेत. त्या दिवशी आई दुपारनंतर पाणी प्यायलीच नाही, कारण पुढचे स्वच्छतागृह कुठे असेल याचा तिला भरवसा नव्हता. परतताना कळले की ते आम्ही ज्या बाकावर बसलो होतो त्याच्या मागच्याच गल्लीत होते. रेल्वे, महापालिका, वाहतूक आणि पर्यटन या सर्वांचे फलक एकाच चौकात उभे असतात. त्यांची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे द्यावी, आणि फलक पक्का करण्यापूर्वी त्या भागात कधीही न आलेल्या चार माणसांना त्याच्यासमोर उभे करून त्यांची पावले कुठे वळतात ते पाहावे. या तपासणीला अर्धा दिवस पुरेल.

संध्याकाळी गाडीची वाट पाहताना आम्ही त्या फलकापाशी पुन्हा उभ्या होतो. एक तरुण जोडपे आले, मुलीने त्या उघड्या पत्र्यावर बोट टेकवले आणि दोघे उजवीकडे निघाले. आईने त्यांना हाक मारून थांबवले. त्या फलकाची नेमकी जागा मी आपल्या कार्यालयाला स्वतंत्र पत्राने कळवली आहे. तिथे नवा खांब किंवा नवी चौकट लागणार नाही, आहे त्याच चौकटीत दक्षिण वर घेतलेला नकाशा बसवला की काम होईल.

कळावे,
आपली,
पायी फिरणारी एक नागरिक