जीप आली, चालवतच आणली

सोलापूर,
२० फेब्रुवारी

प्रिय बाळ्या,

रामराम. गाडी आली. ट्रकवर नाही, चालवत आणली. तू फोनवर दोनदा बजावलं होतंस, "ट्रकवर टाक, गप एसटीनं घरी ये." हीनंही तेच सांगितलं होतं. तुम्हा दोघांचं एकमत होतं तेव्हा मी सहसा उलटं करतो, हे तुला शाळेपासून माहीत आहे.

किमतीचं विचारलंस, ते भेटल्यावर सांगेन. हे पत्र टपालात पडायच्या आधी ही वाचणार आहे. पण "एवढ्या जुन्या डब्यात काय सोनं आहे?" याचं उत्तर आत्ताच देतो. गाडी म्हणजे विलीज या अमेरिकन कंपनीची सीजे-३बी जीप. आपल्या लहानपणी तहसीलदार, पाटबंधारे आणि पोलीस, सगळ्यांकडे असायची ना, उंच बॉनेटवाली, तीच. बॉनेट उंच का, तर हरिकेन इंजिनाचे आत ओढणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. विलीजनं १९५३ साली हे मॉडेल काढलं आणि १९६८ मध्ये अमेरिकेत बंद केलं. आपल्याकडे महिंद्रानं ते पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं. पण पेट्रोल महागत गेलं तसं लोकांनी हरिकेन काढून भंगारात घातलं आणि मिळेल ते डिझेल इंजिन आत कोंबलं. आज जीप पुष्कळ मिळतात, पण कारखान्यातलंच पेट्रोल इंजिन असलेली शोधायला जा, मग कळेल. या गाडीत ते आहे, आणि तिचा नंबर अजून जुन्या म्हैसूर राज्याचा, एमवायवाला आहे.

चिकमगळूरच्या वरच्या अंगाला एका कॉफीच्या मळ्यात होती. मळ्याचे मालक म्हणजे ऐंशीच्या घरातले अज्जा. बायामाणसं आणि कॉफीची पोती वर चढवायची आणि उतरवायची, एवढंच काम तिनं जन्मभर केलं. हायवे तिनं बहुधा पाहिलाच नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा अंगणभर रोबस्टा वाळत होती आणि अज्जा पायानं ती उलटीपालटी करत होते. माझ्या तोंडून कन्नड ऐकून आधी हसले. आपलं सोलापुरी कन्नड त्यांना फार रांगडं वाटलं असावं. मी त्यांच्यासाठी चादर नेली होती. ती त्यांनी उलगडून, उलटी करून, विणीवरून बोट फिरवून पाहिली आणि मगच चावी दिली. मला आवडलं ते. वस्तू पारखून घेणारा माणूस वस्तू नीट ठेवतो.

मेस्त्रींना बरोबर नेलं होतं. पूर्व भागातले आपले नेहमीचेच. त्यांनी दिवसभर मळ्यातच गाडी खोलली. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा (पेट्रोल ओढणारी रबरी चकती) बदलला. जुनं रबर हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकत नाही, फुगतं, चिरतं आणि त्याची भुकटी कार्बोरेटरमध्ये जाऊन बसते. इथेनॉल कशाचं? बरंचसं उसाचं. आपल्या जिल्ह्यात पावलोपावली साखर कारखाने. म्हणजे पंढरपूर-माळशिरसचा ऊस चिकमगळूरच्या जीपचा पडदा खातोय, असं मी म्हणालो. मेस्त्री हसले नाहीत. "सार, तुम्ही टॉर्च नीट धरा," एवढंच म्हणाले.

आता तुझ्या ट्रकच्या सल्ल्याकडे येतो. तुझं म्हणणं काय होतं? घाट, खड्डे, जंगलातले रस्ते, म्हातारी गाडी, मोडून पडेल. माझं म्हणणं आता पुराव्यासकट ऐक. मळ्यापासून खाली उतरायचा रस्ता तू पाहिला असतास तर उतरला असतास आणि पायी चालू लागला असतास. दगड, ओल, वळणं अशी की एका दमात वळतच नाही. तिथं ही बाई निवांत. पहिल्या गिअरला उतरली, ब्रेकला पाय लावायची वेळ क्वचित आली. हाल सुरू झाले ते चित्रदुर्गच्या पुढे, चौपदरी गुळगुळीत रस्त्यावर!

कारण सांगतो. हिच्या डिफरन्शियलचा, म्हणजे शाफ्टचे फेरे चाकांना देणाऱ्या गिअरपेटीचा, रेशो ५.३८. चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्टला पाचच्या वर फेरे घालावे लागतात. चढाला, चिखलाला, ओझ्याला हे उत्तम. पण साठच्या वर गेलं की इंजिन ओरडायला लागतं, आणि गिअर एकूण तीनच, म्हणजे वर सरकायला जागाच नाही. त्यात व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ८० इंच, चारही चाकांना ड्रम ब्रेक, खाली कमानी पाटे. स्टिअरिंगला चार बोटं खेळ, आणि चित्रदुर्गच्या टेकड्यांवर पवनचक्क्या का उभ्या केल्यात हे कापडी टपाच्या गाडीत बसल्यावर चांगलंच उमगतं. वारा बाजूनं ढकलणार, मी स्टिअरिंगनं ओढणार, मागून ट्रकवाला दिवे मारणार. खाणपट्ट्यातले ते लांबलचक ट्रेलर शेजारून गेले की गाडी आधी त्यांच्याकडे ओढली जायची आणि मग बाहेर फेकली जायची. पैलवानाला बँकेच्या काउंटरवर बसवावं तशी तिची गत. खड्ड्यानं तिचं काही बिघडत नाही बाबा, सपाटीनं बिघडतं.

होस्पेटला मुक्काम केला. तुंगभद्रेचं धरण लांबून पाहिलं, हंपीला गेलो नाही. मेस्त्रींना देवळं पाहण्यापेक्षा गाडीखाली झोपून सील तपासणं महत्त्वाचं वाटलं, आणि माझे खांदे असे भरून आले होते की मीही वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर कुष्टगीच्या अलीकडे व्हायचं ते झालं. इंजिन खोकलं, दोन गचके दिले आणि बंद. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, पंपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला, त्यात शेजारी एक्झॉस्ट. सतत एका वेगानं, तापलेल्या रस्त्यावरून ओढत राहिलं की नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढू शकत नाही, त्याला द्रव लागतो. पार्ट कुठलाच मोडलेला नसतो, पण गाडी जागची हलत नाही. डोंगरात हे तिला कधी झालं नसणार, कारण तिथं हवा थंड आणि पल्ले छोटे.

रस्त्याकडेच्या लिंबाखाली ढकलत नेली. एक ट्रॅक्टरवाला थांबला. "एनात री?" म्हणजे काय झालं. मी म्हटलं, "स्वल्प नीर कोड्री," थोडं पाणी द्या. त्यानं आख्खी कॅन उतरवून दिली. मेस्त्रींनी खांद्यावरचा पंचा भिजवला, पिळला नाही, तसाच निथळता पंपावर आणि नळीवर गुंडाळला. कापडातून वाफ निघायला लागली. पुन्हा भिजवला. मग हातानं पंपाची दांडी हलवत बसले, कान पंपाजवळ लावून. आधी कोरडी टकटक यायची. थोड्या वेळानं आवाज जड झाला. "आलं," म्हणाले. चोक अर्धा ओढला, चावी फिरवली, पहिल्या झटक्याला इंजिन चालू! ट्रॅक्टरवाल्यानं तंबाखू मळून मेस्त्रींना दिली, मलाही विचारलं. आणि म्हणाला (हे मुद्दाम लिहितोय), "हायवेनं कशाला जाताय? ही गाडी तिथली नाही."

मग आम्ही हायवे सोडला. अगदीच सोडला असं नाही, पण जिथं जुना रस्ता, शेताकडेचा रस्ता, गावातून जाणारा रस्ता मिळेल तिथं तो धरला. इलकलमध्ये चहा घेतला. (हिला साडी घ्यावी असं मनात आलं होतं, पण मग गाडीच्या किमतीचा विषय निघाला असता.) हुनगुंदच्या पुढे आत वळून कूडलसंगमला गेलो, जिथं कृष्णेला मलप्रभा मिळते. बसवेश्वरांचं ऐक्यस्थान. आपले सिद्धरामेश्वर त्याच १२व्या शतकातले, सोन्नलिगेहून, म्हणजे आपल्याच गावाहून, या शरणांच्या मेळ्यात गेलेले. मेस्त्रींनी पार्किंगमध्ये गाडीलाच गंध लावलं. आत दर्शन घेऊन मग पुन्हा येऊन बॉनेटला हात जोडले. मी काही बोललो नाही.

आडरस्त्यांवर तीस-चाळीसच्या वेगात ती काय सुरेख चालते सांगू! इंजिनाचा आवाज खाली बसतो, एक मऊ घरघर राहते. काच पुढे आडवी पाडली. तुरीच्या, हरभऱ्याच्या रानांचा वास सरळ तोंडावर. समोर बैलगाडी आली तरी आपली घाई नसते. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात आपोआप जुळवणारी सोय, नाही, त्यामुळे पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, नाहीतर डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच, मारायचा. आधी चार वेळा दात खणखणले, मग पाय आपोआप शिकले. हँडब्रेक चाकांना नाही, मागच्या शाफ्टला आहे, म्हणून चढावर उभी केली की ती आधी थोडी डुलते आणि मग स्थिर होते. पहिल्यांदा छातीत धस्स झालं होतं.

विजयपुरात दुसरा मुक्काम. गोल घुमट गाडीतूनच पाहिला. तिथून पुढे घरचंच अंगण. होर्ती, झळकी, मग भीमेचा पूल. टाकळीला पाटी मराठी झाली आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू. दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल फडकं, पुढे फुल्ल आवाजात गाणी. गाळपाचे दिवस. तेरामैलला सरळ सोलापूर धरायचं सोडून मंद्रूपच्या बाजूला मामांच्या वस्तीवर वळलो. हुरड्याचा हंगाम संपत आलाय, मामा दोनदा बोलावून थकले होते.

आणि तिथं तुझ्या सल्ल्याचा शेवटचा निकाल लागला. वस्तीच्या वाटेवर पाटाचं पाणी फुटलेलं, काळी जमीन, तुला माहीतच आहे. ठिबकचे पाइप भरलेला एक छोटा हत्ती टेम्पो मागच्या चाकांनी रुतून बसलेला. पोरं ढकलून ढकलून मांड्यांपर्यंत चिखलानं माखलेली. ट्रॅक्टर कारखान्यावर नंबरला लागलेला, रात्रीशिवाय येणार नाही. मामांनी जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे ओढतंय का बे?"

दोर बांधला. गिअरच्या शेजारी दोन छोट्या दांड्या आहेत, त्यातली एक पुढची चाकं जोडते आणि दुसरी लो रेंज लावते, म्हणजे वेग कमी, ताकद जास्त. दोन्ही टाकल्या. मेस्त्री खाली उभे राहून हातानं खूण करत होते, "निवांत सार, निवांत." क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावला. दोर ताठ झाला, त्यातून पाणी निथळलं. चारही चाकं इतकी सावकाश फिरत होती की टायरवरचे ठोकळे मोजता आले असते. एक क्षण काहीच झालं नाही. मग मागून चिखलाचा तो चोखल्यासारखा आवाज आला आणि छोटा हत्ती सुटला. इंजिनाचा सूर तोच, घरघर तीच. हायवेवर ऐंशीला केकाटणारं इंजिन हेच का, असं वाटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामा काही म्हणाले नाहीत, पण हुरड्याला शेंगाचटणी आणि दह्याबरोबर गूळ आला, जो एरवी फक्त जावयाला येतो.

वडकबाळला सीना ओलांडली तेव्हा ऊन उतरलं होतं, गाडीही थंड होती. घरी पोचल्यावर हीनं चक्कर मारून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "काचा कुठायत दारांना?" मी म्हटलं, "दारं तरी कुठायत?" त्यावर जे ऐकलं ते लिहीत नाही.

आता कागदपत्रं. तिकडच्या आरटीओची एनओसी हातात आहे, इथं एमएच-१३ चा नंबर घ्यायचा. तू म्हणशील विंटेजची नोंदणी कर. पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून तो नियम आहे, नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी २०,००० रुपये. पण मग ती फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीला बाहेर काढायची. मामांच्या रानात कुणाला ओढायला न्यायची नाही. मला मान्य नाही. झेंडे लावून हुतात्मा बागेसमोर उभी करायला मी हिला आणलेली नाही. साधी नोंदणी, साधा नंबर, पर्यावरण कर भरू, जे काय लागेल ते बघू. तुझं मत वेगळं असणार, तर कळव. बदलणार नाही, पण कळव.

तुझ्याकडे एक काम आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडला जाशील तेव्हा हरिकेनच्या पेट्रोल पंपाचं किट मिळतं का बघ. नवीन रबराचं, इथेनॉलला चालणारं पाहिजे, जुना पडून राहिलेला माल नको. बेलक्रँकच्या (स्टिअरिंगच्या सांध्यातल्या) बुशा मिळाल्या तर त्याही, म्हणजे स्टिअरिंगची चार बोटं दोनवर येतील. पैसे लगेच पाठवतो. टपालानं नको, स्वतःच घेऊन ये, मार्चच्या आत. ऊन कडक झालं की पंप पुन्हा रुसणार आणि मला पंचा भिजवत बसावं लागणार.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा

ता.क. येताना जाड जर्किन आण. पहाटे काच पाडून अक्कलकोटला जायचं ठरवलंय, आणि मेस्त्री म्हणतात शेजारी बसणाऱ्याला वारा जास्त लागतो.